सायकलीजोगी वाट

अन्नपूर्णा इंगळे सायकल शिकली ती नोकरीसाठी. १९६४ च्या दिवाळीनंतर मोताळ्याकडच्या एका डोंगरपायथ्याच्या गावी ती नर्स म्हणून रुजू झाली. जंगलापलीकडची वस्तीही तिच्याच हद्दीत होती. बुलढाण्याच्या मैदानात भावाने पंधरा दिवस मागून सीट धरून तिला शिकवलं होतं. सपाटीवर जमायचं. उतार आला की दोन्ही पाय खाली.

खोली मिळाली वच्छलाबाईंच्या घरी. म्हातारी विधवा, एकटीच. एकुलता एक मुलगा जानराव चार वर्षांपूर्वी खानदेशात कामाला गेला आणि पटकीने तिकडेच वारला, असं गावात सगळे सांगत. ओसरीवर हार घातलेला त्याचा फोटो होता. हनुवटीवर खोल व्रण, हसू जरा वाकडं.

जंगल अन्नपूर्णाला नवीन होतं. नवशिक्याला झेपेल अशी वाट कोणती, हे तिने पहिल्याच दिवशी विचारलं.

"वरची गाडवाट धरा बाई," वच्छलाबाई म्हणाल्या. "खालतून वाट नाही. तिकडे अस्वलं हायेत."

वरची वाट म्हणजे नुसते गोटे. दोन फेऱ्यांत दोन्ही कोपरं सोलली. तिसऱ्या खेपेला नाल्याजवळ ती चेन बसवायला थांबली, तेव्हा सागाच्या झाडांतून खाली वळलेली एक पायवाट दिसली. अरुंद, पण घट्ट मळलेली. दगड वेचून कडेला लावलेले, काटेरी फांद्या छाटलेल्या. अस्वलांची भीती मनात होती, तरी तिने सायकल त्या वाटेवर घातली.

पहिल्यांदाच ती न पडता चालवत होती. वाट प्रत्येक चढाला वळसा घालून जात होती. कुणीतरी रोज ओझं घेऊन इथून चालत असावं, असं तिला वाटलं.

अर्ध्या मैलावर पळसाच्या पानांनी शाकारलेली झोपडी दिसली. दाराशी बसलेला माणूस चाकाच्या आवाजाने उठला. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, भुवया झडलेल्या. हनुवटीवर खोल व्रण.

अन्नपूर्णाच्या हातून सायकल सुटली.

"लागलं काय बाई?" त्याने लांबूनच विचारलं. "घाबरू नका, मी जवळ येत नाही. माय येईनच आता भाकर घेऊन."

रोज सकाळी ज्याच्या फोटोखालून ती दवाखान्यात जात होती, तो समोर उभा होता.

"गावातून आल्या ना?" तो म्हणाला. "जानराव अकोल्याच्या मिलमध्ये हाय, असंच समजतात ना लोकं अजून?"

म्हणजे गावाच्या लेखी आपण मेलो आहोत, हे यालाच माहीत नव्हतं. ती काही बोलण्याआधीच मागे पानं वाजली. वच्छलाबाई डोक्यावर टोपली घेऊन आल्या होत्या. त्यांनी पडलेली सायकल पाहिली, अन्नपूर्णाचा चेहरा पाहिला आणि टोपली न उतरवताच खाली बसल्या.

"माय, काय झालं?"

वच्छलाबाई म्हणाल्या, "तुह्या काकानं, पंजाबरावानं, तू मेला म्हणून सांगतलं. त्याच्या पोरी लग्नाच्या होत्या. रगतपितीचं नाव निघालं असतं तर त्याईले कोण केलं असतं? मीही हो म्हटलं."

"तेरवी केली?"

"केली."

"लोकं आले होते?"

"सारं गाव आलं होतं."

जानरावाने हळूहळू मान हलवली. "मले वाटे, कोणी इचारतच नसन," तो म्हणाला.

अन्नपूर्णा पुढे झाली आणि तिने त्याचा हात हातात घेतला. तो दचकून मागे सरला, पण तिने सोडला नाही. दोन बोटं वाकलेली, तळव्यावर जखम, स्पर्श कळत नव्हता. प्रशिक्षणात महारोगाचे असे रोगी तिने पाहिले होते.

"याला औषध आहे," ती म्हणाली. "सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. पुष्कळ दिवस गोळ्या घ्याव्या लागतील, पण रोग थांबतो."

"कधीपासून भेटतात या गोया?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"बरीच वर्षं झाली."

"चार वर्सांआधी भेटत होत्या?"

अन्नपूर्णाला खोटं बोलता आलं नाही. "हो, मिळत होत्या."

वच्छलाबाईंनी टोपली उतरवून ठेवली. भाकरीवरचं फडकं सोडायला गेल्या, पण गाठ काही त्यांना सुटेना.

आठवड्याने अन्नपूर्णा डॉक्टरांना घेऊन त्याच वाटेने आली. गोळ्या सुरू झाल्या. ते कळल्यावर पंजाबरावाने तिला खोली सोडायला सांगितलं, तेव्हा वच्छलाबाईंनी, घर माझं हाय, एवढंच त्याला ऐकवलं. दोन वर्षांत जखमा भरल्या, बोटं मात्र वाकडीच राहिली. डॉक्टरांनी गावात राहायला हरकत नाही म्हटल्यावरही जानराव सहा महिने झोपडी सोडेना. मेलेला माणूस भरदिवसा गावात कसा जाईन, म्हणायचा.

शेवटी एका सकाळी तो आईबरोबर आला. आपल्या घराच्या ओट्यावर पंजाबराव पान लावत बसला होता. जानराव समोर थांबला आणि म्हणाला, "काका, राम राम."

पंजाबराव उठला, आत गेला आणि त्याने दार लावून घेतलं. संध्याकाळपर्यंत ते उघडलं नाही.