दुसरं पिंपळगाव

भूकंपाच्या पुढच्या वर्षी पुनम अकरावीसाठी लातूरला आली. वसतिगृहात भूकंपग्रस्त मुलींसाठी राखलेली एकच खाट उरली होती. "पिंपळगाव म्हणजे औशाकडचं, भूकंपात पडलेलं?" वसतिगृह सांभाळणाऱ्या मावशींनी विचारलं. पुनमचं पिंपळगाव अर्धापूरजवळचं. तिथं एक वीटही हलली नव्हती. तरी तिनं मान डोलावली आणि खाट मिळवली.

आठवड्यानं औशाकडच्या पिंपळगावची सिंधू आली. "जागा तर न्हाई. पण तुझ्या गावची पोरगी हाय बघ," म्हणत मावशींनी पुनमला बोलावलं.

सिंधूचा चेहरा उजळला. "तुमच्या घरचं कोण कोण वाचलं?"

"सगळेच," पुनम कशीबशी म्हणाली. "माझं पिंपळगाव दुसरं हाय."

पुनमनं खाट सिंधूला दिली आणि ट्रंक उचलली. घरी तिनं सांगितलं, लातूरचं पाणी मानवलं नाही.