परिपूर्ण अठ्ठावीस

मी एक जुनी लाकडी सोंगटी आहे, मित्रांनो. बोटाच्या पेराएवढी, गोल, तोंडावर लाल रंगात २८ लिहिलेली. घोडपदेवच्या एका कारागिराने आम्हां नव्वद बहिणींना लेथवर कातले आणि हेलन टीचरनी आमच्यासाठी कापडी पिशवी शिवली.

टीचर परळच्या शाळेत गणित शिकवायच्या. नाताळात चर्चच्या आवारात हाऊजीचा खेळ रंगे, तेव्हा आकडे पुकारायला त्याच लागत. पिशवीतून एकेक सोंगटी काढत त्या तिची ओळख करून द्यायच्या. "सतरा, दुसऱ्या कुणाच्या पाढ्यात न येणारा!" "चौसष्ट, वर्गही आणि घनही!" मी हाती आले की जरा थांबून म्हणायच्या, "परिपूर्ण अठ्ठावीस!" लोक तिकिटावर खूण करायचे. परिपूर्ण का, हे कोणी विचारले नाही. मलाही ठाऊक नव्हते, तरी फार बरे वाटायचे.

पुढे मोबाइल आकडे पुकारू लागला. आमची पिशवी टीचरांच्या खोलीतल्या कपाटावर गेली. मग टीचरना अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली, उजवा हात लुळा पडला. मुलगा विल्फ्रेड वाईट नव्हता, थकला होता. आईशी तो तान्ह्या मुलाशी बोलावे तसे मोठमोठ्याने बोलायचा. एकदा तिच्यासमोरच फोनवर म्हणाला, "तिला काही समजत नाही रे आता. जानेवारीत वृद्धांच्या होममध्ये ठेवतोय." 

व्यायाम घ्यायला येणाऱ्या मृणालिनीताईंनी सांगितले, "डाव्या हाताला काम द्या. बारीक वस्तू उचलू देत." म्हणून नात मेगनने पिशवी झटकली आणि आम्हांला ट्रेमध्ये ओतले.

टीचरनी डावा हात ट्रेमध्ये घातला. बऱ्याच जणींना बाजूला सारून त्यांनी एकची सोंगटी ठेवली. मग दोन, चार, सात, चौदा. थोडी जागा सोडून शेवटी मला ठेवले.

"नॅना, खेळतेस?" मेगनने विचारले.

टीचरनी पहिल्या सोंगटीवर बोट टेकवले, मग पुढच्या. मेगन पुटपुटू लागली, "एक नि दोन तीन. नि चार, सात. नि सात, चौदा. नि चौदा... अठ्ठावीस! थांब, या सगळ्यांनी अठ्ठावीसला भाग जातो ना? डॅडा, लवकर ये!"

मला भागणारे माझ्याहून लहान आकडे मिळवले की पुन्हा मीच होते. म्हणून मी परिपूर्ण. मला ते तेव्हा कळले.

विल्फ्रेड हात पुसत आला. "जमलं असेल गं असंच," म्हणाला. पण तो खाली बसला आणि कितीतरी महिन्यांनी हळू आवाजात बोलला, "मम्मा, असा अजून कुठला आकडा आहे?"

टीचर शोधत राहिल्या. तो थांबला. त्यांनी एक, दोन, तीन मांडले आणि पुढे सहा.

"म्हणजे तुला सगळं समजतं. फोनवरचंही तू ऐकलंस," विल्फ्रेड म्हणाला. टीचरांच्या डोळ्यांतून पाणी ओघळले. त्याने तो लुळा हात आपल्या गालाला लावला. संध्याकाळी त्याने होमला 'आई येणार नाही' असे कळवले.

आता एकची सोंगटी म्हणजे 'हो' आणि दोनची म्हणजे 'नको'. परवा विल्फ्रेडने केलेला चहा चाखून टीचरनी दोन पुढे सरकवली. मेगन पोट धरून हसली.

मित्रांनो, ज्याची वाचा गेली त्याच्यासमोर तो तिथे नसल्यासारखे बोलू नका. त्याला विचारा. आणि उत्तर यायला वेळ लागला, तर तेवढा वेळ बसून राहा.