चुकीच्या उत्तराचा आवाज

१९९९ साली शाळांसाठी सीडी बनवताना आम्हाला आकाश ठेंगणं झालं होतं. चेन्नईत नुंगंबाक्कमला तिसऱ्या मजल्यावर आम्ही सहा जण, चार कॉम्प्युटर आणि मालक मुरली. सातवीचं विज्ञान, तमिळमधून. मुलाने माउसने उत्तर निवडायचं, बरोबर आलं तर चांदणी चमकणार, चुकलं तर पडद्यावरची चष्मेवाली बाई म्हणणार, "तप्पु. पुन्हा बघ." तप्पु म्हणजे चूक. चित्रं आणि आवाज माझ्याकडे होते. मी पुण्याचा, त्यामुळे मला सगळंच इतरांच्या आधी कळायचं.

आवाजासाठी तांबरमच्या एका शाळेतल्या कनकाबाई मिळाल्या. एकतीस वर्षं विज्ञान शिकवलेलं, निवृत्तीला दोन उरलेली. घराणं तंजावरच्या मराठ्यांचं. मी मराठी बोलतो म्हटल्यावर बाईंचा चेहरा उजळला.

"घरची भाषा घरांत, शाळेंत एक अक्षर नाहीं," त्या म्हणाल्या. "आजवर माझ्या वर्गांत एक पोर मला हांसलं नाहीं, गंधार."

एखादीने अंगावरचा दागिना दाखवावा तसं त्यांनी हे सांगितलं. दाखवण्यासारखं दुसरं काही त्यांच्याकडे नव्हतं. मी त्यांना लगेच मावशी म्हणू लागलो. काम काढायचं असलं की मी कुणालाही मावशी म्हणतो.

रेकॉर्डिंगच्या खोलीत आवाज नको म्हणून पंखा बंद, भिंतींना गाद्या टेकवलेल्या, आणि मे महिना. बाई स्वच्छ, शांत आवाजात "तप्पु" म्हणायच्या. मुरलीला ते नको होतं. "राग पाहिजे, पोरांना मजा आली पाहिजे," तो माझ्या कानात म्हणाला. मग मी मुद्दाम छळायला लागलो. परत एकदा, मावशी. अजून एकदा. पाणी नंतर. चाळीस वेळा म्हणवून घेतल्यावर बाईंचा तोल गेला आणि आवाज चिरकला.

"अय्यो, पोदुम! पुरे! तेंच तें कितीं वेळां सांगूं? मज माकड म्हणून नाचिवता काय?"

लगेच त्यांनी जीभ चावली. "हें पुसून टाका हां."

"हो मावशी," मी म्हणालो, आणि तेवढंच ठेवलं. आवाज थोडा वर चढवला, पडद्यावरच्या बाईचा चष्मा पाडला, अंबाडा सोडला. मुरलीला 'पोदुम'च्या पुढचं अक्षरही कळलं नाही, तरी तो पोट धरून हसला. मीही हसलो. दुसऱ्याच्या मराठीला हसणं आमच्याकडे बाळकडूतच मिळतं.

पहिली चाचणी बाईंच्याच वर्गात ठेवली. त्या रेशमी साडी नेसून, मोगरा माळून मागच्या बाकावर बसल्या. पहिला प्रश्न होता, झाड अन्न कुठे तयार करतं? वर्गात पहिली येणारी हरिणी पुढे आली, तिने पान निवडलं, चांदणी चमकली. कुणाला काही वाटलं नाही. दुसऱ्या मुलाने चुकून मूळ निवडलं.

बाई पडद्यावर किंचाळल्या. क्षणभर सगळा वर्ग मागे वळून बघत राहिला, कारण आवाज कुणाचा ते सगळ्यांना कळलं होतं. मग जो हशा उठला तो थांबेना. त्यानंतर झाडाने पान वापरलंच नाही. प्रत्येक जण मूळ निवडायला धावला. हरिणीसुद्धा परत रांगेत आली आणि बाईंकडे बघत मूळ निवडून गेली. बरोबर उत्तरापेक्षा चुकीचं उत्तर गोड करून ठेवलं होतं आम्ही, सहा शहाण्यांनी. मुरलीने मात्र वहीत लिहिलं, "एका प्रश्नावर मूल अकरा वेळा प्रयत्न करतं." आणि खाली दोन रेघा मारल्या.

व्हरांड्यात बाईंनी मला गाठलं. "तें काढा, गंधार. पुसतो म्हणालां होतां."

एक फाइल बदलायची होती. दहा मिनिटांचं काम. सीडी छापायला शुक्रवारी जायची होती आणि तो मंगळवार होता.

"छापायला गेली, मावशी. आता माझ्या हातात काही नाही."

त्यांनी मान हलवली. मग हळूच विचारलं, "मी काय बोललें तें त्यांस कळलं काय?"

"नाही."

"मग हांसलीं कशाला?"

मी घड्याळात बघितलं आणि निघालो. मला लाज वाटली, हे खरं आहे. पण शुक्रवार आला तेव्हा मी ती सीडी तशीच पाठवली.

दोन महिन्यांनी त्या शाळेतला कॉम्प्युटर बंद पडला म्हणून गेलो. बाईंच्या वर्गावरून जाताना पाय थबकले. त्या फळ्यापाशी उभ्या होत्या. हृदयाला कप्पे किती, असं त्यांनी विचारलं.

एक मुलगा उठला. "सात." सगळा वर्ग श्वास रोखून, ओठ दाबून 'तप्पु'ची वाट बघत होता.

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. "सरि," त्या म्हणाल्या. बरोबर.

दुसरा म्हणाला, "नऊ."

"सरि."

हरिणी गोंधळली. घाईघाईने उठून म्हणाली, "चार, मिस."

"सरि," बाई त्याच आवाजात म्हणाल्या. मग वळून त्यांनी फळ्यावर सुबक अक्षरात तिन्ही आकडे एकाखाली एक लिहिले, आणि वर्गाने ते मुकाट्याने वहीत उतरवून घेतले.