दोन सुयांमधले दिवस

मी कपाळावर चिकटणारी विजेची पट्टी. भुवयांवरून जाणाऱ्या नसेला हलके झटके देणं, एवढंच मला येतं. माणसांना ते मुंग्यांसारखे वाटतात. दूरच्या कारखान्यात मी जन्मले आणि डॉक्टर वैभवीच्या पिशवीतून जऊळक्याला आले, धुरपताबाईंसाठी.

धुरपताबाई शाळेत खिचडी शिजवायच्या. महिन्यातले निम्म्याहून जास्त दिवस अर्धशिशी त्यांना अंथरुणाला खिळवायची. मुख्याध्यापक भला माणूस, पण शेवटी म्हणालेच, "बाई, आता खाडा झाला तर दुसरी पाहा लागन."

वैभवीने त्यांना वाशीमला नेऊन मानेतल्या नसेपाशी सुई दिली. काही आठवडे घर हसलं. मग दुखणं परतलं.

"अजून एक टोचून द्या न मॅडम!"

"सुई लवकर लवकर नाही देता येत, काकू. ती झटपट आराम देते, पण असर उतरतो. ही पट्टी हळू काम करते, पण रोज लावता येते. दोन सुयांमधले दिवस हिच्यावर काढू. मग पाहू, कशाचा गुण जास्त येतो."

संध्याकाळी त्यांनी मला लावलं. सासू, भागिरथाबाई, समोरच बसल्या होत्या.

"काय वाटून राह्यलं वं?"

"मुंग्या चालून राह्यल्या, आत्याबाई."

"मुंग्यानं कुठं दुखणं जाते? चटका बसला पायजे!"

चटक्याशिवाय औषध लागू पडतं, हे त्या घरात कोणी मानत नसे. सकाळी सासूने बिब्बा तापवला आणि त्याचं तेल बरोब्बर माझ्या जागी, भुवयांच्या वर लावलं. "आता तुई पट्टी जोर धरन," त्या समाधानाने म्हणाल्या.

कपाळ फोडांनी भरलं.

वैभवीने वाकून फोड तपासले. "आता यावर पट्टी कशी लावू, काकू?" कपाळाला आधी काय लावता, हे तिने विचारलंच नव्हतं. बिब्बे तर तिच्याही घरच्या फळीवर होते.

जखम भरायच्या आत दुखणं आलं. धुरपताबाई दारं लावून पडून राहिल्या. शाळेच्या चुलीपुढे दुसरी बाई बसली.

"मीच केलं वं माय हे," सासू रडायच्या.

"नका रडू, आत्याबाई," धुरपताबाई डोळे न उघडता म्हणायच्या. "बरं वाटावं म्हणूनच लावलं न तुमी."

मी कोनाड्यात पडून आहे. माझी चिकट गादी सुकत चालली आहे. डॉक्टरहो, मला कोणाच्या कपाळावर ठेवण्याआधी घरातल्या म्हातारीजवळ जरा बसा. ती काय लावते, ते विचारा. धुरपताबाईंना पुढची सुई मिळेल. खिचडीचं काम मात्र गेलं ते गेलंच.