वादळाच्या पोटातलं ऊन

आईने देव पाण्यात ठेवले तेव्हा बदलापूर गावात वाऱ्याचं नावही नव्हतं. दारातली अळवाची पानं तेवढी हलत होती. पण माझा भाऊ कल्पेश समुद्रात होता. मोरिवलीच्या कारखान्यातली नोकरी सोडून तो तेलविहिरींकडच्या एका बार्जवर वेल्डर म्हणून लागला होता, आणि वादळ नेमकं तिकडेच चाललं होतं. बाकीच्या बोटी आदल्या दिवशीच किनाऱ्याला लागल्या. याच्या ठेकेदाराला कामाची घाई. त्या माणसाचं तोंड फोडावं असं मला आजही वाटतं.

मी मोबाईलवर वाऱ्याचा नकाशा लावून बसले होते. कडेला हिरवा रंग, म्हणजे आमच्याकडचा वारा, पानं हलवण्यापुरता. आत जावं तसा पिवळा, मग लाल, आणि सगळ्यात आत जांभळं कडं. तिथला वारा माणसाला उभं राहू देत नाही. त्या कड्याच्या मधोमध मात्र एक निळा ठिपका होता. आईला वाटलं, मधेच सगळ्यात वाईट असणार. मी म्हटलं, उलट आहे, मधे काहीच नसतं.

दुपारी बार्जच्या वायफायवरून कल्पेशचा फोन आला. आवाज बसला होता, पण हसत होता.

"आये, लाटा हायत, पन वारा परला. ऊन परलाय बग."

आईने फोन माझ्या हातात कोंबला आणि तडक देव्हाऱ्याकडे गेली. देव पाण्यातून काढले, पदराने पुसले, जागेवर मांडले, पुढे साखर ठेवली.

माझी नजर नकाशावर होती. कडं अर्धंच त्याच्यावरून गेलं होतं. उरलेलं अर्धं यायचं होतं.

"कल्पेश, तू ठिपक्यात आहेस. वारा परत येणार, तेवढाच, उलट्या बाजूने. लाईफ जॅकेट काढू नको."

जॅकेट कधीच काढलं, म्हणाला. सगळे वर आलेत, तुटलेले दोर बांधतायत, रात्रभर कोंडलेल्या पोरांना जरा हवा मिळतेय. "तुजा मोबाईल खरा, आन मी हितं उबा हाय तो खोटा?"

मी ओरडले. मागून त्याला कुणीतरी हाक मारली आणि त्याने फोन ठेवला.

आईला सांगितलं तेव्हा तिने देव पुन्हा पाण्यात घातले. अर्धं पाणी जमिनीवर सांडलं.

बार्ज बुडाली. काहीजण वाचले, काहींचे देह मिळाले. कल्पेशचं काहीच मिळालं नाही.

आता भावकीतले म्हणतात, त्याचे दिवस घाला. देव पाण्यात असताना दिवस कसे घालायचे, असं आई त्यांनाच विचारते. मी एकदा चिडून म्हटलं, आई, तो गेला.

"तूच बोल्लीस ना, मदी काय नसतं," ती म्हणाली. "तो मदीच हाय अजून."

रोज सकाळी मी देवांचं पाणी बदलते. पितळेला हिरवं चढलंय.