दयानंद सरांचा झाकलेला कप्पा

बिलकीसला मिळवायचं होतं ते एकच: धाकट्या बहिणीला, हुमाला, दयानंद सरांच्या पहिल्या बॅचमध्ये फुकट जागा. त्या बदल्यात सरांची बायोलॉजीची प्रश्नपेढी टाइप करून द्यायची. भूकंपानंतर लातुरात माणसं घरं बैठी बांधू लागली, क्लासेसवाले मात्र मजल्यावर मजले चढवत होते. आणि पहिली बॅच म्हणजे मेडिकलच्या उंबऱ्यात अर्धा पाय. वर्षभर टायपिंग झालं. उद्या सराव परीक्षा, आणि आज प्रश्नपेढीच दिसेना.

हे झालं सरांच्या झाकपाकीपायी. समोरच्या क्लासचे हेर आपल्याकडं फिरतात, असं त्यांनी मनाशी धरलेलं. म्हणून एकाच कॉम्प्युटरवर दोन संसार मांडलेले: विंडोजमध्ये हजेरी नि फिया, लिनक्समध्ये प्रश्न. मशीन चालू केलं की कोणता उघडू, असं विचारणारी यादी यायची. काल विंडोज बिघडलं. दुरुस्तीला व्यंकट आला, पण आत दुसरा संसार आहे हे सरांनी त्यालाही सांगितलं नाही. डॉक्टरपासून दुखणं लपवणारा पेशंट! त्यानं विंडोज नव्यानं टाकलं, तशी यादीच गेली.

"ताई, डिस्कवर एक बेनाव कप्पा दिसून राहिलाय," व्यंकट म्हणाला. "रिकामाच असंल. पुसून टाकू?"

"हात लावू नका, व्यंकटभाऊ! माझं वर्ष हाय त्यात."

सर खडू घेऊन निघाले होते. "लेक्चर संपेपर्यंत काढ. नाहीतर हुमाचं विसर. आणि बाहेर बोंब नको, शब्द दे." बिलकीसनं दिला.

लिनक्स बसवलं होतं मुज्तबानं, बिलकीसच्या मावसभावानं. तो आता नांदेडला दुसऱ्या क्लासात नोकरीला. म्हणजे सरांच्या लेखी फितूर. भिंतीपलीकडं सर मूत्रपिंड शिकवत होते. बिलकीसनं मोबाइल काढून स्पीकरवर टाकला.

"मुज्तबाभाई, दुरुस्तीवाल्यानं विंडोज नव्यानं टाकलं, यादी गेली."

"त्या माणसानं फॉरमॅट काय काय केलं?"

"फक्त सी ड्राइव्ह, विंडोजचा," व्यंकट म्हणाला. "आईची आण."

"मंग प्रश्न जिते हायेत. दारावरची पाटी तेवढी उखडली. लिनक्सची सीडी लाव."

सीडी घरघरली. काळ्या पडद्यावर बिलकीसनं तो सांगेल ते टाइप केलं. मशीननं उत्तर दिलं: डिस्क शून्य, कप्पा चार.

"चार? आपला तर पाचवा होता!"

"मशीन शून्यापासून मोजतं. चार म्हणजे पाचवाच. आता नीट ऐक. यादी डिस्कच्या तोंडाशी बसवायची, कप्प्यात न्हाई. आकडा चुकलीस तर विंडोज बी जाईल."

भिंतीपलीकडचा आवाज थांबला. बाकं सरकली. बिलकीसनं ओळ टाइप केली, पुन्हा वाचली. बोट एंटरवर. दार उघडलं.

"कुणाशी बोलतेस?"

भाव ठरवायची हीच घडी होती. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, सर, आधी हुमाचं नाव चढवा, मग एंटर. बिलकीसच्या डोक्यात तेवढा बाजार नव्हता. तिनं बोट दाबलं.

मशीन बंद झालं, पुन्हा उठलं. यादी आली. लिनक्स उघडलं, पेशीपासून पर्यावरणापर्यंत सगळी प्रकरणं जागच्या जागी.

"आयला, येवढं होतं व्हय आत?" व्यंकट म्हणाला. "मी तर पुसलंच असतं."

सरांनी शेवटच्या प्रश्नापर्यंत सगळं चाळलं. मग मोबाइलकडं पाहिलं. "नांदेडवाल्याला विचारलंस?"

"सर, त्यानं एक प्रश्न पाहिला न्हाई."

"इथं प्रश्न आहेत, हे तर कळलं त्याला! पहिली बॅच भरली. हुमाचं पुढच्या वर्षी बघू."

"सर, तुम्ही शब्द दिला होता."

"मी गुप्ततेचाही शब्द घेतला होता."

तर जमाखर्च असा. पेढी वाचली सरांची, मजुरी पोचली व्यंकटला. दडवलं सरांनी, वर्ष गमावलं बिलकीसनं, आणि जागा हुमानं.