वाडीनं खाल्लेला गूळ

मी उजमा, लातूरच्या कोर्टातली वकील. ज्याला वकील परवडत नाही त्याला सरकार देतं ती; लोकांच्या भाषेत फुकटची. त्या दिवशी तळपायाची आग मस्तकात गेली, ती अजून उतरलेली नाही.

माझा अशील शेषेराव, भोकरपलीकडच्या वाडीतला आंध आदिवासी, इथल्या एका कोचिंग क्लासच्या होस्टेलवर वॉचमन. तिथंच शिकणाऱ्या श्रीशैल नावाच्या डॉक्टरच्या पोराबरोबर त्यानं दोन लॅपटॉप लांबवले. श्रीशैलनं खोली दाखवली, यानं कुलूप फोडलं. दोघांनी गुन्हा कबूल केला, दोघांचाही पहिलाच. अशांना तुरुंगाऐवजी चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडता येतं. शेषेरावचं वनरक्षकाच्या भरतीत नाव लागलं होतं. हमीवर सुटला तर नोकरी राहणार होती, आत गेला तर गेलीच.

न्यायाधीशांनी दोघांच्या घरी चौकशीला अधिकारी पाठवला. श्रीशैलच्या कॉलनीत साहेबांना चहा-फरसाण मिळालं आणि चांगल्या चालीचे पाच दाखले. वाडीत त्यांनी चोरीचा विषय काढला आणि सगळे मुके झाले. अहवालात आलं, 'गावातला एकही माणूस आरोपीबद्दल चांगलं बोलत नाही.'

श्रीशैल हमीवर सुटला. शेषेरावला सहा महिने.

"साहेब, कुलूप एकच होतं," मी न्यायाधीशांना म्हटलं.

"ज्याच्यासाठी त्याचं गाव तोंड उघडत नाही, त्याची हमी मी कशी धरू?"

तारखांच्या रगाड्यात मी स्वतः त्या वाडीत एकदाही गेले नव्हते. याची लाज वाटली, आणि लाज वाटली की मला जास्तच राग येतो.

बाहेर लिंबाच्या झाडाखाली वाडीतली सात-आठ माणसं बसली होती. त्यांना कुणी आत येऊ दिलं नव्हतं. वाडीतले जुने माणूस लिंबाजी उठून पुढं आले. मी सगळा राग त्यांच्यावर काढला.

"साहेब आले तेव्हा तोंडाला कुलूप का लावलं होतं तुम्ही?"

"बोलावं कसं, वकीलबाई? जामिनावर आला तवाच त्यानं मारुतीपुढं उभं राहून समदं कबूल केलं. साऱ्या वाडीनं त्याच्या हातचा गूळ खाल्ला. गूळ खाल्ला की ती गोष्ट पुन्हा काढायची न्हाई. जो काढील तोच चोर." त्यांचा चेहरा अभिमानानं फुलला होता. "साहेबानं लई खोदून इचारलं. पण एक बी माणूस फुटला न्हाई. लेकरू हाय आमचं. सुटंल ना आता?"

मी निकाल सांगितला. तो कशामुळे लागला, ते मात्र माझ्या तोंडून निघेना.

लिंबाजींनी कोर्टाच्या दाराकडं पाहिलं.

"आन त्या डॉक्टरच्या पोराचं काय झालं?"

"तो घरी गेला," मी म्हटलं.